दस्तुरी नाक्याचा हिशेब

नेरळहून घाट चढून आलेली मोटार दस्तुरी नाक्यावर थांबते. ती कितीही महागडी असो, मालक कोणीही असो, किल्ली तिथेच फिरवून बंद करायची. माथेरानची बाजारपेठ तिथून पुढे सुमारे अडीच-तीन किलोमीटर. तिथवर पोचायला पिढ्यान्‌पिढ्या चार साधने होती: स्वतःचे पाय, भाड्याचा घोडा, माणसांनी ओढायची हातरिक्षा आणि जवळच्या अमन लॉज स्थानकातून सुटणारी छोटी रेल्वे. गेल्या काही वर्षांत त्यात पाचव्या साधनाची, बॅटरीवर चालणाऱ्या रिक्षाची भर पडली. ती पडावी म्हणून प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयात गेले.

भांडवली अर्थव्यवस्थेत सरकारने किती हात घालावा हा वाद दिल्ली-मुंबईच्या चर्चासत्रांत नेहमी एकाच सुरात चालतो. एक बाजू म्हणते, नियम वाढले की उद्योग गुदमरतो. दुसरी म्हणते, नियम नसले की माणूस गुदमरतो. नेरळच्या स्टेशनवर उतरले की दोन्ही बाजू एकाच डोंगराला चिकटलेल्या सापडतात. वर माथेरानला नियम इतका कडक की हातगाडीला मोटर लावायला न्यायालयाची परवानगी लागली. खाली नेरळ-कर्जतच्या पट्ट्यात घरांचा बाजार वर्षानुवर्षे इतका मोकळा की मुंबईतल्या चाळकऱ्याने आयुष्याची पुंजी कशाच्या भरवशावर गुंतवली हे त्याचे त्यालाही धड सांगता येत नसे. दोन्हीकडे कोणाचा तरी फायदा झाला आणि कोणीतरी किंमत मोजली. फायदा आणि किंमत बहुतेक वेळा वेगवेगळ्या माणसांच्या वाट्याला आली, हे या भागाकडे पाहताना ध्यानात ठेवावे लागते.

माथेरानची जाहिरात करणाऱ्या कुठल्याही हॉटेलवाल्याला विचारा, तुमच्याकडे विकायला आहे काय? थंड हवा लोणावळ्यातही मिळते. दरी आणि पॉइंट महाबळेश्वरलाही आहेत. माथेरान विकते ते मोटारीचे नसणे. तांबड्या मातीचा रस्ता, वर झाडांची कमान, रात्री रातकिड्यांखेरीज आवाज नाही. ही वस्तू एकट्या हॉटेलमालकाला तयार करता येत नाही. उलट प्रत्येकाचा स्वार्थ ती मोडण्यात आहे, कारण ज्याच्या दारापर्यंत गिऱ्हाइकाची गाडी येईल त्याच्या खोल्या आधी भरतील. पण सगळ्यांच्याच दारांपर्यंत गाड्या आल्या की कोणाच्याच खोल्यांना ती किंमत राहणार नाही. शनिवार-रविवारी लोणावळ्याच्या रस्त्यावर हॉर्न वाजवत तासन्‌तास अडकलेल्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. केंब्रिजच्या आर्थर पिगू यांनी 1920 साली असल्या प्रकाराची नीट मांडणी केली: व्यवहार दोघांचा, पण त्याचा धूर तिसऱ्याच्या नाकात जातो, त्या धुराची किंमत बाजार आपणहून लावत नाही, म्हणून सरकारला मध्ये पडावे लागते. माथेरानपुरते पिगूसाहेब शंभर टक्के बरोबर आहेत. इथे नियम हाच धंद्याचा पाया आहे.

गंमत अशी की या डोंगराचे पहिले भांडवल मात्र पूर्ण खासगी होते. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट 1850 साली इथे चढून आले आणि गोऱ्या साहेबांना उन्हाळ्याची जागा सापडली. इथल्या ठाकर-कातकऱ्यांना ती अर्थातच आधीपासून ठाऊक होती. मुंबईचे उद्योगपती सर आदमजी पीरभॉय यांच्या पैशावर त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी 1904 ते 1907 या काळात नेरळ-माथेरान रेल्वे बांधली. दोन फुटी रूळ, सुमारे 20 किलोमीटरचा वळणावळणाचा चढ आणि त्या काळचे 16 लाख रुपये खर्च. सरकारने रेल्वे द्यावी म्हणून कोणी वाट पाहत बसले नाही. पुढे ती सरकारी झाली. 26 जुलै 2005 च्या पावसाने ती उखडली आणि 2007 मध्ये पुन्हा धावली. 2016 मध्ये लागोपाठच्या दोन घसरणींनंतर ती बंद झाली, 2018 मध्ये सुरू झाली, 2019 च्या पावसात पुन्हा वाहून गेली आणि नेरळहून पूर्ण मार्गावर ऑक्टोबर 2022 मध्येच परतली. मधल्या काळात नेरळ ते दस्तुरी ही वाहतूक टॅक्सीवाल्यांच्या हातात राहिली. रेल्वे बंद असली की टॅक्सीचा धंदा वाढतो, रेल्वे सुरू झाली की घटतो. नेरळच्या स्टँडवर अर्थशास्त्राचा हा धडा दर मोसमात गिरवला जातो.

मोटारी वर न येण्याची प्रथा जुनी. तिला कायद्याचे भक्कम कवच मिळाले ते 4 फेब्रुवारी 2003 रोजी. पर्यावरणवादी संस्थांनी न्यायालयापर्यंत नेलेल्या पाठपुराव्यानंतर केंद्र सरकारने 1986 च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखाली अधिसूचना काढली आणि माथेरान व भोवतालचे 214.73 चौरस किलोमीटर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र ठरले. त्याभोवती आणखी 200 मीटरचा पट्टा. महाराष्ट्रात याआधी 1991 मध्ये डहाणूला आणि 2001 मध्ये महाबळेश्वर-पाचगणीला असेच कवच मिळाले होते. माथेरान नगरपरिषदेच्या हद्दीत वाहनबंदी आणि तिच्यातून सूट फक्त रुग्णवाहिका व अग्निशमनाची गाडी यांना. बांधकाम, वृक्षतोड, दगडखाणी यांवरही बंधने आली. अंमलबजावणीवर लक्ष ठेवायला सनियंत्रण समिती.

जंगल वाचले, हे मान्य केलेच पाहिजे. पायथ्यापासून वर पाहिले तर कर्जत-बदलापूरच्या बाजूने काँक्रीट डोंगराच्या कुशीपर्यंत येऊन भिडलेले दिसते आणि वर मात्र हिरवी टोपी शाबूत आहे. नियम नसता तर ती टोपी राहिली असती असे कोणी छातीठोकपणे म्हणणार नाही.

आता किंमत. 2011 च्या जनगणनेत माथेरानची लोकसंख्या 4,393 होती. तेवढ्या लोकांच्या गॅसच्या टाक्या, तांदळाची पोती, सिमेंट, भाजी, दूध असे सगळे सामान दस्तुरीला उतरवून पुढे घोड्यावर, हातगाडीवर किंवा डोक्यावर न्यायचे. प्रत्येक वस्तूच्या भावात ही हमाली मिसळलेली. शाळेतली पोरे रोज चालणार. म्हातारे माणूस डॉक्टरकडे न्यायचे तर रिक्षा लागणार, आणि रिक्षा म्हणजे एकाने पुढून ओढायची, एक-दोघांनी मागून रेटायची. पावसाळ्यात लाल चिखल, उन्हाळ्यात लाल धूळ, रस्ता चढउताराचा. मुंबईहून आलेल्या कुटुंबाला दोन दिवसांची शांतता मिळते, हॉटेलमालकाला खोलीचे भाडे मिळते, साऱ्या महानगराला जंगल मिळते. या सगळ्याचे वजन 94 परवान्यांच्या हातरिक्षांवर आणि त्या ओढणाऱ्यांच्या गुडघ्यांवर. 2003 ची अधिसूचना लिहिणाऱ्यांनी हवेच्या प्रदूषणाचा विचार केला. माणसाला जनावराच्या जागी जुंपण्याचा विचार त्यांच्या कागदात नव्हता.

नियमातला दोष नेमका कुठे होता? त्याने धूर आणि गोंगाट यांवर बंदी घातली असती तर बॅटरीच्या गाडीला वाट उघडी राहिली असती. त्याने बंदी घातली वाहनावर. साध्य बाजूला राहिले आणि साधन कायद्यात गोठले. स्वित्झर्लंडमधल्या झरमॅट या गावीही बाहेरच्या पर्यटकाची मोटार चालत नाही. ती खाली टेश गावात ठेवून रेल्वेने वर जावे लागते. पण गावात विजेवर चालणाऱ्या छोट्या गाड्या सर्रास फिरतात आणि झरमॅटचे झरमॅटपण त्यामुळे गेलेले नाही. आपल्याकडे मात्र नियम एकदा छापला की त्याला वय नसते. तंत्र बदलले, गाड्या बदलल्या, अधिसूचना तीच.

बदलायला स्थानिकांनाच उठावे लागले. रिक्षाचालकांच्या बाजूने ई-रिक्षाची मागणी वर्षानुवर्षे पुढे रेटली गेली. सर्वोच्च न्यायालयाने 12 मे 2022 रोजी प्रायोगिक तत्त्वावर ई-रिक्षांना वाट दिली. 5 डिसेंबर 2022 पासून तीन महिने सात ई-रिक्षा दस्तुरीपासून आत धावल्या. शाळकरी मुलांना नाममात्र भाडे होते. प्रयोग संपला तशा गाड्या उभ्या राहिल्या. पुन्हा अर्ज, पुन्हा तारखा. एप्रिल 2024 मध्ये न्यायालयाने 20 ची मर्यादा घातली. अखेर 6 ऑगस्ट 2025 रोजी सरन्यायाधीश भूषण गवई, न्या. के. विनोद चंद्रन आणि न्या. एन. व्ही. अंजारिया यांच्या पीठाने हातरिक्षा सहा महिन्यांत टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा आदेश दिला. पंजाबातल्या सायकलरिक्षा ओढणाऱ्यांच्या बाजूने याच न्यायालयाने 1980 मध्ये दिलेल्या आझाद रिक्षा पुलर्स युनियनच्या निकालाची आठवण पीठाने करून दिली. त्यानंतर चार दशके उलटूनही माणूस माणसाला ओढतो आहे, हे त्याने राज्यघटनेच्या वचनाशी विसंगत ठरवले. निधी नाही ही सबब चालणार नाही, असेही बजावले. म्हणजे एका नियमाने तयार केलेली वेदना दुसऱ्या नियमाने दूर करायची. बाजार या गोष्टीत कुठेच निर्णायक ठरला नाही, हे मुक्त बाजारवाल्यांनी आणि नियमनवाल्यांनी, दोघांनीही टिपून ठेवावे.

पण ई-रिक्षाला विरोध कोणाचा होता ते पाहिले की गोष्ट रंगतदार होते. पर्यावरणप्रेमींची शंका समजण्यासारखी: आज ई-रिक्षा, उद्या टेम्पो, परवा मोटार. त्यांच्याच रांगेत, त्याच न्यायालयात, घोडेवाल्यांच्या संघटना उभ्या होत्या. माथेरानला साडेचारशेच्या वर परवानाधारक घोडे आहेत आणि त्यांवर अनेक कुटुंबांची चूल आहे. ई-रिक्षा स्वस्त, घोडा महाग. गिऱ्हाईक कुठे जाईल हे उघड आहे. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ ब्रूस यँडल यांनी 1983 मध्ये या जोडीला कायमचे नाव देऊन ठेवले: धर्मोपदेशक आणि दारूचा चोरटा विक्रेता. रविवारी दारूची दुकाने बंद ठेवा असे दोघेही म्हणतात. एक मनापासून, दुसरा गल्ल्याकडे पाहून. नियम टिकतो तो दोघांच्या एकत्र जोरावर. घोडेवाल्याला चोरट्या विक्रेत्याच्या जागी बसवणे अन्यायाचे होईल, कारण तो कष्टाचे खातो आणि त्याची भीती पोटाची आहे. तरी गणित तेच. नियम बाजाराला अडवतो तिथे स्वतःचा एक छोटा बाजार जन्माला घालतो, आणि त्या बाजारात पोट भरणारी माणसे मग नियमाचे पहारेकरी होतात. रस्त्यावर पेव्हर ब्लॉक बसवावेत की नाही यावरून झालेले वाद याच धाटणीचे. ब्लॉकवर घोड्याची नाल घसरते, हे घोडेवाल्यांचे म्हणणे. मातीच्या रस्त्यावर ई-रिक्षा चढत नाही, हे दुसऱ्यांचे. न्यायालयाने शेवटी दस्तुरीपासून शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंतच्या मुख्य वाटेला ब्लॉकची परवानगी दिली आणि आतल्या वाटा व पायवाटा मोकळ्या ठेवल्या.

या छोट्या बाजाराची काळी बाजू मार्च 2025 मध्ये साऱ्या महाराष्ट्राने वाचली. दस्तुरीवर उतरलेल्या पर्यटकाला दलाल गाठतात. छोटी गाडी बंद आहे, चालत जाण्यासारखे नाही, घोड्याशिवाय गत नाही, अशा थापा मारून अवाच्या सवा पैसे उकळतात, अशी तक्रार होती. कंटाळून गावातल्याच हॉटेलवाल्यांनी, दुकानदारांनी आणि इतर व्यावसायिकांनी माथेरान बेमुदत बंद पुकारला. 18 मार्चला बंद सुरू झाला, प्रशासनाशी बोलणी होऊन दुसऱ्या दिवशी मिटला. मागण्या काय होत्या? माहितीचे फलक लावा, दर लिहा, पोलीस ठेवा. व्यापाऱ्यांनीच नियमनासाठी दुकाने बंद ठेवली, हे दृश्य मुक्त बाजाराच्या पाठ्यपुस्तकात बसत नाही.

जॉर्ज अकरलॉफ यांच्या 1970 च्या निबंधात मात्र ते चपखल बसते. जुन्या मोटारींच्या बाजारात विकणाऱ्याला खोड माहीत असते, घेणाऱ्याला नसते. त्यामुळे घेणारा सगळ्यांवरच अविश्वास धरतो आणि चांगला माल विकणारा बाजारातून बाहेर फेकला जातो. दस्तुरीवर फसलेला पर्यटक घोडेवाल्याला शिव्या घालत नाही, तो माथेरानला शिव्या घालतो आणि पुढच्या वेळी अलिबागला जातो. दहा लबाडांचा भुर्दंड शंभर प्रामाणिकांनी भरायचा. या ठिकाणी दरफलक हे जाचक नियमन नसून धंद्याची गरज आहे.

घाट उतरून नेरळला आले की अकरलॉफसाहेब आणखी मोठ्या अक्षरांत भेटतात. स्टेशनबाहेर, रिक्षांच्या पाठीवर, विजेच्या खांबांवर घरांच्या जाहिराती. नेरळ, शेलू, भिवपुरी, कर्जत हा मध्य रेल्वेचा पट्टा गेल्या पंधरा-वीस वर्षांत मुंबईच्या निम्नमध्यमवर्गाच्या घराचे शेवटचे आशास्थान झाला. डोंबिवली परवडेनाशी झाली तेव्हा बदलापूर, बदलापूर परवडेनासे झाले तेव्हा नेरळ. पनवेल-कर्जत हा सुमारे 30 किलोमीटरचा उपनगरी मार्ग बांधायला घेतला तसे जाहिरातींत ‘नवी मुंबई जवळ’ आली. रेल्वे सरकार बांधते, जमिनीचा वाढलेला भाव जमीनमालकाच्या आणि बिल्डरच्या खिशात जातो. सरकारी हस्तक्षेपाचा हा फायदा मोजताना कोणी ‘सरकारने बाजारात ढवळाढवळ केली’ अशी ओरड करत नाही.

सदनिका घेणारा काय विकत घेत असे? नकाशावरचा एक चौकोन. जमिनीचा सातबारा कोणाच्या नावावर, एनए, म्हणजे बिनशेती झाली का, बांधकामाला परवानगी किती मजल्यांची, ‘सुपर बिल्टअप’ म्हणजे प्रत्यक्षात चालायला किती फूट, हे सारे विकणाऱ्याला माहीत. घेणाऱ्याच्या हाती रंगीत माहितीपत्रक आणि बुकिंगची पावती. कायदा नव्हता असे नाही. महाराष्ट्र सदनिका मालकी कायदा 1963 पासून आहे आणि त्यात करारनामा, नोंदणी, कागदपत्रे दाखवण्याची सक्ती सगळे लिहिलेले होते. पण तक्रार घेऊन जायचे कुठे? दिवाणी न्यायालयात वा ग्राहक मंचात वर्षे जायची, आणि इकडे घरभाडे व कर्जाचा हप्ता दोन्ही चालू. एका प्रकल्पात गोळा केलेला पैसा दुसऱ्या ठिकाणची जमीन घ्यायला वापरायचा, ही तर धंद्याची रीतच झाली होती. पहिल्या इमारतीचे पाय तिथेच थबकायचे.

संसदेने 2016 मध्ये स्थावर संपदा कायदा केला आणि 1 मे 2017 पासून राज्याच्या प्राधिकरणाचे, महारेराचे, काम सुरू झाले. ग्राहकाकडून आलेल्या रकमेतले 70 टक्के त्या प्रकल्पाच्या वेगळ्या खात्यात ठेवायचे. विक्री चटईक्षेत्रावर, म्हणजे ‘कार्पेट’वर करायची. नोंदणीकृत करार होईपर्यंत 10 टक्क्यांहून जास्त आगाऊ रक्कम घ्यायची नाही. ताबा दिल्यावर पाच वर्षांत बांधकामातला दोष निघाला तर तो बिल्डरने स्वखर्चाने दुरुस्त करायचा. नोंदणी क्रमांकाशिवाय जाहिरात नाही. ऑगस्ट 2023 पासून जाहिरातीवर क्यूआर कोडही सक्तीचा. नेरळच्या रिक्षामागच्या फलकावरचा तो काळा-पांढरा चौकोन मोबाइलने टिपला की प्रकल्पाची मंजुरी, ताब्याची तारीख, खटले समोर येतात. फोर्टातल्या वकिलालाच मिळत असे ती माहिती आता विरारच्या भाडेकरूलाही फुकट मिळते. नियमनाचा सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत परिणामकारक प्रकार हाच: कोणाला काही करायला मनाई करायची नाही, फक्त पत्ते उघडे टाकायला लावायचे.

किंमत इथेही आहे. नोंदणी शुल्क, तिमाही माहिती भरणे, सनदी लेखापाल, वास्तुविशारद आणि अभियंता यांचे दाखले हा खर्च मोठ्या कंपनीला पाचशे घरांवर वाटता येतो. वडिलोपार्जित अर्ध्या एकरावर वीस घरे बांधणाऱ्या गावातल्या माणसाला तो जड जातो. 70 टक्के खात्यात अडकल्यामुळे भांडवल बाहेरून, महाग व्याजाने आणावे लागते, आणि ते व्याज शेवटी घराच्या किमतीत उतरते. 500 चौरस मीटरपर्यंतच्या किंवा आठ सदनिकांपर्यंतच्या प्रकल्पांना कायद्यातून सूट आहे. ती लहान माणसासाठी ठेवलेली, पण चलाख माणसाला तिच्यात दार दिसू शकते. आणि सगळ्यांत दुखणारी जागा म्हणजे वसुली. प्राधिकरणाने ग्राहकाच्या बाजूने निकाल दिला, व्याजासह पैसे परत करण्याचा आदेश निघाला, तरी ते वसूल करायचे जमीन महसुलाच्या थकबाकीसारखे, म्हणजे जिल्हाधिकारी आणि तहसीलदार यांच्यामार्फत. त्या कार्यालयात आधीच पंचनामे, दाखले, निवडणुका आणि आपत्ती यांचा ढीग. वसुलीचे वॉरंट तिथे पडून राहते. आदेश मुंबईत निघतो आणि अडकतो तालुक्याला. नियमनाची चर्चा करणारे कायद्यातली कलमे मोजतात. तालुक्यातले कारकून मोजत नाहीत.

जमिनीच्या बाबतीत तर रायगड जिल्ह्याला नियमनाचा इतिहास रक्तातला आहे. तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात अलिबागजवळच्या चरी गावी 1933 मध्ये नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली कुळांनी खोतांविरुद्ध संप पुकारला. सहा वर्षे शेती कसली नाही; उपासमार सोसली. जमीन हा खोत आणि कूळ यांच्यातला ‘खासगी करार’ आहे असे म्हणणाऱ्यांना ते उत्तर होते: एका बाजूच्या पोटात अन्नच नसेल तर करार कसला? त्यातून 1939 चा कुळकायदा निघाला आणि पुढे 1948 चा. त्यातल्या कलम 63 ने बिगरशेतकऱ्याला शेतजमीन घ्यायला बंदी घातली. हेतू स्वच्छ होता. शहरातल्या पैशाने पुन्हा नवे खोत उभे राहू नयेत.

आज तेच कलम कर्जत-खालापुरात वेगळ्या तोंडाने भेटते. मुंबईकराला शनिवार-रविवारचे फार्महाऊस हवे असते. त्याला हवा असतो शेतकरी असल्याचा दाखला, आणि जिथे दाखल्याला भाव आहे तिथे दाखल्याचा बाजार उभा राहतो. इकडे ज्याला मुलीच्या लग्नासाठी वा दवाखान्यासाठी एक एकर विकायचा आहे त्या खऱ्या शेतकऱ्याचे गिऱ्हाईक कायद्यानेच कमी केलेले. त्याला भाव कमी मिळतो, आणि दलाल एनए करून घेतल्यावर तीच जमीन चढ्या भावाने विकतो. ज्याच्या रक्षणासाठी नियम झाला त्याच्याच खिशातून तो फी घेतो. म्हणून कलम काढून टाका असे लगेच म्हणवत नाही, कारण ठाकरवाड्यांच्या भोवतीची जमीन किती वेगाने कुंपणात गेली हे या तालुक्यांत डोळ्यांनी दिसते. शेतकरी नेते शरद जोशी सरकारच्या कापूस एकाधिकार खरेदीवर बोलताना हेच सांगत: शेतकऱ्याचे भले करतो म्हणणारे बंधन शेतकऱ्याला कुठे विकायचे हे ठरवू देत नाही. विदर्भाच्या कापसाला ते लागू पडले तसे कोकणच्या जमिनीला सगळेच्या सगळे लागू पडत नाही. पण तक्रारीत दम आहे.

परवाना-परमिटच्या त्या जमान्यात वाढलेल्यांना या सगळ्यात एक ओळखीचा वास येतो. 1951 च्या उद्योग कायद्याखाली कारखान्याने किती माल काढायचा हे सरकार ठरवत होते. आकुर्डीच्या बजाज स्कूटरसाठी लोक वर्षानुवर्षे नंबर लावून बसत, आणि नंबर लागलेली स्कूटर दुसऱ्या दिवशी जास्त भावाने विकली जाई. जुलै 1991 मध्ये अठरा उद्योग वगळून परवाना पद्धत संपली. त्या नियमनाचे मातेरे झाले याबद्दल आज फारसे दुमत नाही. पण स्कूटर किती बनवायच्या हे ठरवणारा नियम आणि बिल्डरने पैसा कुठल्या खात्यात ठेवावा हे सांगणारा नियम यांना एकाच टोपलीत टाकणे हा आळस आहे. पहिला स्पर्धेला दारातच रोखतो. दुसरा, स्पर्धा होते ती फसवणुकीची होऊ नये एवढे पाहतो.

नियम नसण्याचीही एक किंमत असते आणि ती कधी एका रात्रीत वसूल होते. 19 जुलै 2023 च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या कुशीतल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. 27 मृतदेह हाती लागले. 57 माणसे सापडलीच नाहीत. ठाकर समाजाची ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती. तिथपर्यंत गाडीरस्ता नव्हता, म्हणून बचावाचे यंत्रही नेता येईना. ज्या डोंगररांगेत नगरपरिषदेच्या हद्दीतले चाक न्यायालयापर्यंत मोजले गेले, त्याच परिसरातली वाडी यादीत लिहायला कोणाला जमले नाही. लक्ष ठेवण्याची यंत्रणा जिथे तक्रार करणारे, न्यायालयात जाणारे असतात तिथे दाट होते. वाडीला वकील नव्हता.

माधव गाडगीळांच्या पश्चिम घाट समितीने 2011 च्या अहवालात एक मुद्दा आग्रहाने मांडला होता, पण तो पर्यावरणवादी आणि उद्योगवादी दोघांच्याही गदारोळात बुडाला. संवेदनशील क्षेत्रे वरून लादू नका, ग्रामसभांना विचारून ठरवा. नियम वरून आला की त्याच्या आडून खालचा कर्मचारी सामान्य शेतकऱ्याला छळतो आणि बड्या धनिकाचे बांधकाम मात्र उभे राहते. नियोजनाचे आणि सहकाराचे खंदे पुरस्कर्ते धनंजयराव गाडगीळ यांच्या या चिरंजीवांनी नियमन नाकारले नाही. कागद कोणाच्या हातात असावा एवढेच विचारले. माथेरानला रिक्षा ओढणाऱ्यांना 2003 पूर्वी कोणी विचारले असते तर बॅटरीच्या गाडीसाठी 2022 पर्यंत थांबावे लागले नसते.

आता विचारले जात आहे, तेही न्यायालयाच्या धाकाने. निकालाप्रमाणे खरे हातरिक्षा ओढणारे कोण हे जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समितीने ठरवायचे, ई-रिक्षा आधी त्यांना द्यायच्या आणि उरलेल्या आदिवासी महिलांना व गरजूंना. गुजरातेत केवडियाला सरदार पटेलांच्या पुतळ्याच्या परिसरात महिला भाडेतत्त्वावरच्या ई-रिक्षा चालवतात. तसे काही राज्याने इथे करावे, असे न्यायालयाने सुचवले. सगळा तिढा या ‘खरे’ शब्दात आहे. परवाना एकाच्या नावावर आणि रिक्षा ओढणारा दुसराच, हा प्रकार कुठल्याही परवान्याच्या धंद्यात होतो. न्यूयॉर्कमध्ये टॅक्सीच्या बिल्ल्यांची संख्या शहराने मर्यादित ठेवली तेव्हा एका बिल्ल्याचा भाव 10 लाख डॉलरच्या वर गेला. मालक वेगळा, चालवणारा स्थलांतरित वेगळा, आणि ॲपवरच्या टॅक्सी आल्यावर कर्ज काढून बिल्ले घेतलेले चालक देशोधडीला लागले. माथेरानला ई-रिक्षांची संख्या मर्यादित राहणारच, डोंगराला त्याहून जास्त पेलवणार नाही. म्हणजे बिल्ल्याला भाव येणार. तो विकता येणार की नाही, भाड्याने देता येणार की नाही, चालकाने धंदा सोडला तर तो समितीकडे परत जाणार की पोराच्या नावावर चढणार, आणि साडेचारशे घोड्यांच्या मालकांपैकी कोणाला रांगेत कुठे उभे करणार, याची कलमे लिहिण्याचे काम आता अलिबागच्या जिल्हाधिकारी कार्यालयाच्या टेबलावर आहे.